राहून गेलेलं अस्तर

गिरगावातल्या आमच्या चाळीत माणसं खाकरण्यावरून ओळखू यायची. जिन्याच्या तळाशी दणदणीत खाकरण्याचा आवाज आला की वरच्या मजल्यावरच्या बायका समजायच्या, कोपऱ्यावरच्या खोलीतले अण्णा पेढीवरून आले. पहाटे नळाला पाणी यायच्या आधी गॅलरीभर घसे साफ होत असत. कुणाचा कोरडा, कुणाचा घरघरता, कुणाचा नुसताच सवयीचा. गॅलरीच्या टोकाला असलेल्या सामाईक संडासांच्या कड्या कधी धड लागल्याच नाहीत, त्यामुळे आत माणूस आहे हे बाहेरच्याला कळवायचं तर खाकरण्यावरच भागवावं लागे. आजोबा स्वयंपाकघराच्या उंबऱ्याशी आले की दोनदा खाकरत आणि मगच पाऊल आत टाकत. आत सुना असत, पदर सारखा करायला त्यांना तेवढा वेळ मिळे. घशातून निघणारा हा आवाज म्हणजे आजार आहे असं तेव्हा कोणी म्हटलं असतं, तर सगळी चाळ हसली असती.

माझं खाकरणं मात्र कोणाच्याच कामाचं नव्हतं. साठीच्या अलीकडे केव्हातरी ते सुरू झालं आणि मुक्कामालाच आलं. सदऱ्याचं वरचं बटण लागतं त्याच्या जरा खाली, आत, काहीतरी असल्यासारखं वाटायचं. दुखत नव्हतं, टोचत नव्हतं, नुसतं असायचं. गंमत अशी की भाकरीचा घास विनातक्रार उतरायचा, पाण्याचा घोट उतरायचा; पण तोंडात काही नसताना नुसता आवंढा गिळला की तो तिथेच अडखळायचा. मग खाकरायचं, क्षणभर बरं वाटायचं, पुन्हा आवंढा, पुन्हा खाकरणं. घरात मग रीतीप्रमाणे सगळं झालं. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, ज्येष्ठमधाची कांडी चघळून झाली, रात्री हळद घातलेलं दूध झालं. "रात्रीच्या बातम्या बघणं बंद करा, आपोआप बरं वाटेल," असं बायकोचं निदान पडलं. तेही करून पाहिलं. बातम्या सुटल्या, गोळा राहिला.

घशाबद्दल तक्रार केली की समोरच्याला जे कारण डोळ्यांनी दिसतं, त्याच्या माथी तो खापर फोडतो. आम्ही आता लालबागला राहतो आणि घरापासून जवळच मसाल्याची गल्ली आहे, म्हणजे खापर फोडायला जागा तयारच. मार्च उजाडला की तिथे बायकांची रीघ लागते. एका हातात पिशवी, दुसऱ्या हातात चिठ्ठी. बेडगी इतकी, संकेश्वरी इतकी, काश्मिरी रंगापुरती, धने, दगडफूल, नागकेशर, बाद्यान, त्रिफळं. पोत्याच्या तोंडाशी बसून मिरचीचा देठ मोडून वास घेणारी, बी हलतंय का ते कानाशी वाजवून बघणारी बाई दुकानदाराकडे मान वर करून बघतही नाही. तिचा भरवसा तिच्या नाकावर. मागच्या बाजूला मोठ्या कढईत मिरच्या तेलाच्या हातावर परतल्या जातात, कांडपयंत्राची धपधप चालू असते आणि हवेत असा काही खकाणा उठतो की बसस्टॉपवरची माणसंसुद्धा रुमाल शोधतात. त्या गल्लीत खोकताना कोणी कोणाकडे वळून बघत नाही. आमच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यांनी माझ्या घशाचा निकाल तिथेच लावून टाकला. "अहो, मसाला घशात बसलाय तुमच्या. पावसाळा लागला की धुऊन जाईल." पावसाळा लागला, मिरगाचा गेला, गणपतीचाही गेला.

त्यांच्या आधीच्या पिढीत हेच खापर कापसावर फुटत असे. माझे मामा लालबागच्या एका गिरणीत कार्डिंग खात्यात होते. पाळी संपवून आले की केसांवर, भुवयांवर, कानांच्या पाळ्यांवर पांढरी लव असायची. येताना तोंडात गुळाचा खडा. गूळ कापसाची धूळ घशातून खाली नेतो अशी गिरणगावात ठाम समजूत, आणि ती कोणी तपासून पाहिली नव्हती. कापसाच्या धुळीने छाती आवळून येण्याचा आजार खराच आहे; रविवारची सुट्टी संपवून माणूस सोमवारी खात्यात पाऊल टाकतो तेव्हा तो सगळ्यात जास्त जाणवतो, म्हणून डॉक्टर त्या आजाराचं नातं सोमवाराशी लावतात. मामांना तो असेलही. पण १९८२ च्या जानेवारीत संप झाला, मामांच्या गिरणीचा भोंगा पुन्हा वाजलाच नाही, केसांतली लव गेली, आणि मामांचं खाकरणं मात्र शेवटपर्यंत राहिलं. "कापूस आहे हो जुना," असं ते स्वतःच सांगत. कापसाचं नाव घेतलं की पुढचा प्रश्न कोणी विचारत नसे.

बायकांच्या वाट्याला तर कापूसही नसे. माझ्या आत्याला आयुष्यभर घशात गोळा वाटायचा. जेवताना नाही, एरवी. संध्याकाळी दिवे लागले की जास्त. ती हाताची दोन बोटं गळ्यावर ठेवून दाखवायची, "हे इथे, बघा." बघायला काही नसायचं. तिला मूलबाळ नव्हतं, नवरा लवकर गेला होता, त्यामुळे कारण शोधायला कोणाला लांब जावं लागलं नाही. मनाचे खेळ आहेत, असं म्हणून घरातल्यांनी विषय संपवला. यात आमचंच घर मागासलेलं होतं असंही नाही. प्राचीन ग्रीक वैद्य असल्या गोळ्याचं खापर बाईच्या गर्भाशयावर फोडत. ते शरीरात भटकतं आणि वर चढून घसा दाबतं, अशी त्यांची समजूत. पुढे युरोपातल्या डॉक्टरांनी गर्भाशयाचं भटकणं सोडून दिलं, पण रोगाच्या नावात 'हिस्टेरिया' तसाच ठेवला. १९६८ साली माल्कमसन नावाच्या डॉक्टरने सुचवलं की या रोग्यांपैकी बहुतेकांना हिस्टेरिया वगैरे काही नसतो, तेव्हा नावातून तो काढून टाका. आत्या तेव्हा ऐन तिशीत होती. ही बातमी काही तिच्यापर्यंत पोहोचली नाही.

मी दुर्बिणीची तपासणी करून घेतली ती परळच्या एका रुग्णालयात. परळला या कामासाठी जाताना माणूस जरा आवळूनच चालतो. केईएम आणि वाडियांचं प्रसूती रुग्णालय १९२६ चं, मुलांचं वाडिया १९२९ चं, कर्करोगाचं टाटा १९४१ चं. ही सगळी एकमेकांपासून हाकेच्या अंतरावर. फूटपाथवर प्लास्टिकच्या पिशवीत एक्स-रे आणि फायली घेऊन बसलेली कुटुंबं दिसतात. कोणी लातूरकडची, कोणी बिहारची, कोणी दादरच्या गाडगे महाराजांच्या धर्मशाळेत उतरलेली. या रस्त्यावर 'डाग' हा शब्द कपड्यांपुरता राहत नाही. रिक्षा नसलेल्या या भागात टॅक्सीवाल्याला नुसतं "टाटा" म्हटलं, तर तो आरशातून एकदा तुमच्याकडे बघून घेतो.

घशात फवारा मारतात तो कडवट असतो आणि थोड्या वेळाने आपला घसा आपला राहत नाही. डाव्या कुशीवर निजवलं, दातांत प्लास्टिकचा ठोकळा दिला. डॉक्टर तरुण बाई होत्या, नातवंडांशी बोलावं तशा माझ्याशी बोलत होत्या. "काका, गिळू नका, लाळ बाहेर वाहू दे. नाकाने श्वास घ्या. झालंच." झालं नव्हतं. मान न वळवता पडदा दिसत होता, तेवढा मी बघितला. अन्ननलिका फिकट गुलाबी, जवळजवळ पांढुरकी, ओलसर चकाकणारी, मध्येमध्ये लाळेचे बुडबुडे. मग तांबडं, घड्याघड्यांचं जठर. ते बघून झालं, दुर्बीण मागे फिरली, आणि अगदी बाहेर पडता पडता बाईंचा हात थांबला. त्यांनी थोडी हवा भरली, थोडं पाणी मारलं, पडद्याचा रंग बदलून निळसर-हिरवट केला. दातांपासून जेमतेम वीतभर आत, फिकट भिंतीवर, एक तांबूस मखमली ठिपका होता. कडा स्वच्छ, जणू आखलेल्या. बाईंनी त्याचा कणभर तुकडा चिमट्याने घेतला. मला कळलंही नाही.

नंतर समोर बसवून त्यांनी कागदावर नळी काढली. "हे जठराचं अस्तर आहे. जठरात असतं तसंच, पण इथे, घशाशी."

"तिथून वर कसं आलं?"

"आलेलं नाही काका. राहिलंय."

पुढचं सगळं त्यांनी दोन-तीन वाक्यांत उरकलं, बाहेर रांग होती. मी नंतर वाचत बसलो. गर्भाची अन्ननलिका तयार होते तेव्हा तिला आतून जे अस्तर असतं ते आपल्या ओळखीचं नसतं. उभट पेशींची एक पातळ रांग असते. पाचव्या महिन्याच्या सुमाराला नळीच्या मध्यावर बदल सुरू होतो. उभट पेशी जाऊन तिथे चपट्या पेशींचे थरावर थर चढतात. गालाच्या आतल्या बाजूला असतं त्याच जातीचं हे टिकाऊ अस्तर, आयुष्यभर गरम चहा आणि कडक भाकरी सोसायला. मध्यावर सुरू झालेलं हे काम वर आणि खाली अशा दोन्ही दिशांना सरकतं. वरचं टोक सगळ्यात शेवटी. म्हणजे सातव्या महिन्यात बाहेर डोहाळजेवण चाललेलं असतं, ओटी भरली जात असते, बर्फी की पेढा यावरून हशा चाललेला असतो, आणि आत हे नूतनीकरण टोकाकडे सरकत असतं. बहुतेकांचं जन्मापर्यंत पुरं होतं. काहींच्या वरच्या टोकाला एखादा तुकडा राहून जातो आणि पुढे जठराच्या अस्तराचं रूप घेतो. बहुतेक अभ्यासकांना हीच उपपत्ती पटते.

हा डाग पहिल्यांदा नोंदवला गेला १८०५ साली, जर्मनीतल्या हाले गावच्या विद्यापीठात. श्मिट नावाच्या माणसाने आपल्या लॅटिन प्रबंधात त्याचं वर्णन केलं. मुंबईची बेटं तेव्हा अजून पुरती जोडलेलीही नव्हती. माहीमचा कॉजवे व्हायला अजून चाळीस वर्षं होती. श्मिटने पाहिलं ते अर्थातच प्रेतांत. जिवंत माणसाच्या अन्ननलिकेत प्रकाश नेणं कोणालाच जमत नव्हतं. १८६८ साली कुसमाउल या डॉक्टरने सरळ नळी जठरापर्यंत उतरवून दाखवली ती एका तलवार गिळणाऱ्या खेळवाल्याच्या घशातून, कारण एवढा वेळ मान मागे टाकून न ओकता बसणं दुसऱ्या कोणाच्या आवाक्यातलं नव्हतं. मोगा गावचे नरिंदरसिंग कपानी आणि त्यांचे गुरू हॉपकिन्स यांनी काचेच्या केसासारख्या तंतूंच्या जुडग्यातून चित्र वाहून नेता येतं हे १९५४ साली प्रसिद्ध केलं, आणि तीनच वर्षांत हिर्शोविट्झ याने त्या तंतूंची लवचीक दुर्बीण करून आधी स्वतः गिळली, मग रोग्याला दिली. तेव्हापासून रस्ता मोकळा झाला. तरी हा डाग चुकतोच. दुर्बीण घशातून आत जाते तो भाग सगळ्यात अवघड, रोगी उमासे काढतो, डॉक्टर झटकन पुढे सरकतात. आणि बाहेर येताना काम झालेलं असतं, नजर सैल पडलेली असते. म्हणून कुठल्या पाहणीत शंभरात एकालाही तो सापडत नाही आणि कुठल्या पाहणीत दहाच्या पुढे सापडतो. फरक माणसांच्या घशात आहे त्याहून जास्त बघणाऱ्याच्या सवडीत आहे.

परळच्या त्या रुग्णालयांच्या मागेच जुनं परळ गाव आहे. तिथे बारादेवीच्या देवळात साडेतीन मीटरच्या आसपास उंचीची एक शिळा उभी आहे. एका दगडात सात शिवाकृती, मधल्या अंगातून वर आणि बाजूंना एकातून एक फुटलेल्या, पायाशी वाद्यं घेतलेले गण. घारापुरीच्या लेण्यांच्या काळातली, म्हणजे दीड हजार वर्षांच्या आसपासची. १९३१ साली परळ-शिवडी रस्त्याचं काम चालू असताना ती सापडली. शिल्प शोधायला कोणीच निघालं नव्हतं. रस्ता करायला निघालेल्या मजुरांच्या पहारीला ती लागली. माझ्या घशातलं प्रकरणही तसंच. जठर बघायला गेलेल्या दुर्बिणीला ते परतीच्या वाटेवर दिसलं. आणि दोन्हीकडे पहिला प्रश्न एकच पडतो की हे इथे कसं आलं. पण शिव रस्त्यात आला नव्हता, रस्ता शिवापाशी आला होता. पोर्तुगीज आले, गव्हर्नरचा बंगला झाला, त्या बंगल्यात १८९९ साली प्लेगची प्रयोगशाळा आली, तिचं हाफकिन झालं, गिरण्या आल्या, रुग्णालयं आली, गिरण्या गेल्या. दगड होता तिथेच होता.

अर्थात एवढ्यावरून हुरळून जायचं कारण नाही. जुनं तेवढं निरुपद्रवी असा नियम शरीरात चालत नाही आणि तांबडं तेवढं एक, असाही नाही. अन्ननलिकेच्या खालच्या टोकाला, जठराला लागून, असाच तांबडा पट्टा काहींना दिसतो. त्याला बॅरेट या लंडनच्या सर्जनचं नाव आहे. १९५० साली बॅरेटने ठासून लिहिलं की हे छातीत ओढलं गेलेलं जठरच आहे. ते जठर नव्हे, अस्तर बदललेली अन्ननलिका आहे, हे दुसऱ्यांनी दाखवल्यावर १९५७ मध्ये त्याने ते मान्य केलं. नाव मात्र त्याचंच राहिलं. तो पट्टा जन्माचा नसतो; वर्षानुवर्षं आम्ल वर उसळून तिथलं मूळ अस्तर पोळतं आणि त्याच्या जागी नवं येतं. त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो, म्हणून त्यावर नजर ठेवावी लागते. वरच्या टोकाच्या जन्मजात डागातून असं होणं अगदीच विरळा. दोघांचा रंग सारखा, अंतर वीतभराचं, पण एक राहून गेलेला आणि दुसरा मागाहून झालेला. नुसतं रंगावर जाणाऱ्याला हे कळायचं नाही. इतिहास विचारावा लागतो, आणि तुकडा काढून काचेखाली बघावा लागतो.

माझा तुकडा काचेखाली गेला होता तेवढे दिवस घरात कोणी मोठ्याने बोललं नाही. मसाल्याच्या गल्लीवरचे विनोद बंद झाले. बायकोने बातम्यांचा विषय काढला नाही, उलट रिमोट आपणहून माझ्याकडे दिला, तेव्हा मी खरा घाबरलो. कागद आला. जठराचं अस्तर, त्यात आम्ल करणाऱ्या पेशी आहेत, वाईट काही नाही. म्हणजे माझ्या गळ्याशी, बटणाच्या खाली, नखाएवढं जठर बसलं होतं आणि आपल्या कुवतीप्रमाणे थेंबथेंब आम्ल गाळत होतं. खाली अन्न यायची वेळ झाली की खरं जठर कामाला लागतं. हे बिचारं घास समोरून निघून जातो तरी काम करतच राहतं. बहुतेकांना याचा पत्ता जन्मभर लागत नाही. ज्यांना लागतो त्यांच्यापैकी काहींना गोळा वाटतो, काहींना सतत खाकरावंसं वाटतं, कुणाचा आवाज घोगरा होतो. आम्ल कमी करणारी गोळी देतात. फारच त्रास असेल तर आर्गॉन वायूच्या झोताने तो डाग जाळूनही टाकतात. बाईंनी जाळायचं विचारलं नाही, मीही सुचवलं नाही. गोळीने खाकरणं निम्म्यावर आलं आहे. उरलेलं निम्मं त्या डागाचं की चाळीत शिकलेल्या सवयीचं, ते आता कुठल्या दुर्बिणीला दिसणार?

आत्याच्या घशात काय होतं ते सांगता येणार नाही. तिच्यापर्यंत दुर्बीण पोहोचली नाही, आणि घशातला प्रत्येक गोळा काही असल्या डागाचा नसतो. कुणाचा आम्लाचा असतो, कुणाचा स्नायूंच्या ताणाचा, कुणाचा खरोखर मनाचा. मनाचा असला तरी तो असतोच, गिळताना लागतोच. मामांच्या कापसाचंही तेच. दोघांच्या बाबतीत कारण इतक्या पटकन सापडलं की शोधायचं राहूनच गेलं.

दुर्बीण घालणाऱ्या डॉक्टरांना माझं एवढंच सांगणं आहे, की बाहेर येताना शेवटच्या वीतभर अंतरात घाई करू नका. आणि घरातल्यांना हे, की आपलं माणूस गळ्यावर दोन बोटं ठेवून "हे इथे" म्हणालं, तर मसाल्याचं, धुळीचं, स्वभावाचं नाव घ्यायच्या आधी त्याला पुरतं बोलू द्या. घास अडकत असेल, वजन उतरत असेल, बसलेला आवाज उठत नसेल, तर उद्यावर न टाकता डॉक्टरकडे न्या. यातलं काही नसलं, तरी "काही नाही" हे दोन शब्द तपासणी केलेल्या माणसालाच बोलू द्या.